खडखड नव्हे, टकटकही नव्हे

बाईंसमोर 'काहीतरी' हा शब्द उच्चारायची आमच्या शाळेत कुणाची छाती नव्हती. शिपायानं "बाई, हापिसात कायतरी काम हाय तुमचं," असा निरोप आणला की त्या त्याला दारातूनच परत पाठवत. "काय काम आहे ते विचारून ये. काहीतरी हे काम नसतं." तो बिचारा पुन्हा जिना उतरून जाई आणि विचारून येई. तोवर हेडसर स्वतःच कागद घेऊन वर आलेले असत.

स्टाफरूममध्ये कुणी चहाचा घोट घेऊन "बरा झालाय" म्हणालं, तर "बरा म्हणजे? साखर बेताची, की पत्ती बेताची?" उत्तरपत्रिकेत 'वगैरे' दिसलं की अर्धा गुण गेला. एकदा एका हुशार पोरीनं युक्ती करून 'इत्यादी' लिहिलं, तर तिचा पूर्ण गुण गेला, कारण तिनं विचार करून पळवाट काढली होती.

बाई मराठी शिकवायच्या, मी विज्ञान. शाळा आळ्याला. आम्ही दोघं राहायला नारायणगावात. स्टाफरूममधली आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. एवढ्याशा योगायोगापायी माझ्या आयुष्यातला बराच काळ एका डिझेल गाडीचा आवाज ऐकण्यात गेला.

वयाच्या पन्नाशीत बाई गाडी चालवायला शिकल्या. त्या काळी आमच्याकडं बाईमाणसानं स्कूटर चालवली तरी लोक वळून बघत. बाईंनी मंचरच्या एका डॉक्टरांची जुनी, पांढरी, डिझेलवर चालणारी मोटार घेतली. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव काका म्हणायचं, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना गाडी येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. ते मागच्या सीटवर बसत आणि गाडी सुरू झाली की झोपत. कुठंही जायचं असलं, नसलं तरी ते गाडीत असत. आम्ही शाळेत उतरलो की आळेफाट्यावर वर्तमानपत्र वाचत बसायचं, बाजार करायचा, आणि शाळा सुटायच्या वेळी पुन्हा हजर, असा त्यांचा दिवस.

गाडी चालवायच्या आधी बाई चपला काढून पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. दार उघडं, पाय बाहेर, नऊवारी नव्हे पण चांगली काठापदराची साडी, आणि खाली पी.टी.च्या तासाचे बूट. नाड्या बांधून झाल्या की पाय आत घेऊन दार लावायचं. उतरताना पुन्हा सगळं उलट. घाई असली तरी ह्यात बदल नाही. मी शेजारच्या सीटवर बसून घड्याळाकडं बघत असे.

"सर, एस.टी.त उभ्यानं कशाला जाता? माझ्या शेजारची जागा रिकामीच असते," असं त्या म्हणाल्या तेव्हा मला देव पावल्यासारखं वाटलं होतं. महिनाभर वाटत राहिलं. मग तो आवाज सुरू झाला.

नारायणगावच्या चौकात टोमॅटोच्या टेम्पोंनी रस्ता अडवला होता. गाडी न्यूट्रलला उभी होती. बाईंनी मान तिरकी केली.

"सर, ऐकलंत?"

पुढून, बॉनेटच्या खालून, एक आवाज येत होता खरा. बाईंनी पायानं जराशी रेस दिली की तो नाहीसा व्हायचा. रेस सोडली, इंजिन संथ झालं की पुन्हा हजर.

"हो. खडखड होतेय."

"खडखड पत्र्याची असते. हा पत्रा आहे का?"

"मग टकटक म्हणा."

"टकटक दारावर करतात. ती कोरडी असते. ह्यात ओल आहे."

आवाजात ओल असते हे मला पदवीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, गॅरेजला दाखवा." त्या म्हणाल्या, "दाखवायचं काय, ते आधी ठरायला नको का? डॉक्टरकडं जाऊन आपण 'काहीतरी होतंय' म्हणतो का? आणि तुम्ही विज्ञानाचे ना?"

हे शेवटचं वाक्य मी पुढं इतक्या वेळा ऐकलं, की मी भूगोल का घेतला नाही असं वाटायला लागलं. इंजिनाची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढत असे, बाण दाखवत असे. पण खरं इंजिन उघडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पहिला मेकॅनिक आळेफाट्याचा. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. कानावरची विडी काढत म्हणाला, "बाई, डिझेल हाय. आवाज करणारच की."

"माणूस आहे, खोकणारच, असं म्हणून डॉक्टर परत पाठवतो का?" बाई म्हणाल्या.

मग त्यानं उघडलं. त्याला टकटक ऐकू आली. टकटक म्हणजे टॅपेट, असं म्हणून त्यानं झडपा उघडणारे ते टॅपेट जुळवून दिले. आवाज तसाच राहिला. दुसरा नारायणगावचा. त्याला घरघर ऐकू आली आणि त्यानं एक बेअरिंग बदललं. आवाज तसाच. तिसऱ्याला खडखड ऐकू आली. त्यानं सायलेन्सरचा पट्टा आवळला आणि आवळताना जुना पट्टा तोडला, त्यामुळं आता खरोखरची खडखड सुरू झाली आणि तिच्याखाली तो पहिला आवाज होताच.

"बघा," बाई मला म्हणाल्या, "शब्द चुकला की दुरुस्ती चुकते."

त्यांच्या बोलण्यात तथ्य असायचं, हाच माझा खरा त्रास होता. नुसता मूर्ख माणूस सोसता येतो.

एका रविवारी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. मी दाढी करत होतो. "चला, खोडदला जाऊ. इथं बाजारात काही नीट ऐकू येत नाही. तिकडं शांतता आहे." खोडद त्यांचं माहेर. तिथल्या रानात आकाशातल्या लहरी टिपायच्या त्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत. त्यातल्याच एका तबकडीच्या समोरच्या कच्च्या रस्त्यावर बाईंनी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी इंजिनावर वाकलो. काका मागं झोपलेले.

थोड्या वेळानं एक रखवालदार सायकलवरून आला.

"काय झालं? बंद पडली का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आवाज ऐकतोय."

"हितं? हितं कशाला?"

"का? तुमच्या ह्या तबकड्या इथं दुसरं काय करतात?"

त्या गृहस्थानं तबकडीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. "ऐका मंग," म्हणाला, आणि सायकल झाडाला लावून तोही ऐकायला उभा राहिला. बाईंनी त्यालाही विचारलं, कसा आहे आवाज? तो पुष्कळ विचार करून म्हणाला, "लई वंगाळ हाय." बाईंनी त्याला वंगाळ हे आवाजाचं नव्हे, मताचं विशेषण कसं आहे ते समजावून सांगितलं. दुपारी मी घरी आलो तेव्हा माझ्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून पडला होता.

पण खरा कहर झाला तो नववीच्या तासाला. अनुकरणवाचक शब्द हा धडा होता. बाईंनी सगळा वर्ग मैदानावर आणला. मैदानात गाडी उभी, बॉनेट उघडं, इंजिन सुरू. प्रत्येकानं ऐकायचं आणि एक शब्द लिहून द्यायचा. मी वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत होतो. माझ्या वर्गातली सगळी पोरं खिडकीला. खाली हेडसर धावत आलेले दिसले.

"बाई, हे काय चाललंय?"

"मराठी."

"अहो, पण मैदानावर? धूर किती झालाय!"

"सर, आपण आहातच तर आपणही एक शब्द द्या."

हेडसर गणिताचे. ते घाबरून "धडधड" म्हणाले आणि गेले. पोरांनी मात्र मजा केली. खुडखुड, डबडब, गुरगुर, खुळखुळ, लटलट, खदखद, किती तरी. एका मुलीनं लिहिलं, 'आमची म्हैस रवंथ करते तसा'. बाई आनंदानं लाल झाल्या होत्या. परतीच्या वाटेवर त्यांनी मला ते सगळे शब्द म्हणून दाखवले. "बघा सर, केवढी श्रीमंत भाषा आहे आपली!" मी म्हणालो, "हो. पण गाडीला काय झालंय?" त्या म्हणाल्या, "तो प्रश्न वेगळा आहे."

अखेर जुन्नरच्या मुश्ताकभाईंकडं जायचं ठरलं. त्यांच्या वडिलांपासून गॅरेज, आणि डिझेल इंजिनाला त्यांच्यासारखा माणूस तालुक्यात नाही असं सगळे सांगत. वयानं बाईंएवढेच, दाढीला मेंदी, बोलायला कमी. त्यांनी एक लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बाई खूश. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी नीट ऐकत होतं. मग त्यांनी एकेका सिलिंडरला डिझेल नेणाऱ्या नळीचा नट सैल करून पाहिला. एक सैल केला की इंजिन लंगडायचं, पण तो आवाज जसाच्या तसा.

"वरचं काय न्हाई," मुश्ताकभाई हात पुसत म्हणाले. "हे खालून येतंय. इंजिन खोलावं लागंल."

"काय झालंय पण?"

"खोलल्यावर सांगतो."

"नक्की काय झालंय ते सांगा, मग खोला."

"बाई, खोलल्याबिगर नक्की कसं सांगू?"

"आणि नक्की माहीत नसताना खोलणार कसं?"

मुश्ताकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी आढ्याकडं पाहिलं. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि दोघंही तसूभर हलणार नव्हते. मी मध्ये पडून म्हणालो, "बाई, करू द्या ना त्यांना त्यांच्या पद्धतीनं."

"सर, तुमचं पोट दुखतंय. डॉक्टर म्हणाला, आधी फाडतो, मग बघतो. झोपाल टेबलावर?"

मुश्ताकभाईंनी शांतपणे बॉनेट लावलं. "मंग चालवा तशीच. पर जपून," एवढंच म्हणाले. आम्ही आवाजासकट परत आलो. काकांनी वाटेत डोळे उघडून विचारलं, "झालं का काम?" आणि उत्तराची वाट न बघता ते पुन्हा झोपले.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्हा दोघांनाही पुण्याला परीक्षेच्या बैठकीचं बोलावणं आलं. मी बायकोला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, की मी पहाटेच्या एस.टी.नं जाणार, काहीही झालं तरी. सकाळी स्टँडकडं निघालो तर कोपऱ्यावर गाडी उभी, बाई बुटाच्या नाड्या बांधतायत, मागं काका डबा मांडीवर घेऊन बसलेले. त्यांना पुण्याला डोळे दाखवायचे होते. "बसा," बाई म्हणाल्या. मी बसलो. नाही म्हणायला माणसाकडं कारण लागतं आणि बाईंना ते नेमक्या शब्दांत सांगावं लागतं.

मंचर गेलं, अवसरीचा चढ गेला. पेठेला चहाला थांबलो तेव्हा गाडी उभ्या जागी नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत होती. चहावाला म्हणाला, "मॅडम, तुमची गाडी लई बोलतीया." बाई त्याच्याशी चर्चा सुरू करणार एवढ्यात मी पैसे देऊन गाडीत जाऊन बसलो.

पेठेच्या पुढं खेडचा घाट उतरायला लागतो. त्या वेळचा रस्ता अरुंद, वळणं आंधळी, आणि सकाळी कांद्याचे ट्रक मुंगीसारखे रांगेनं चाललेले. उतार लागला, बाईंनी रेसवरचा पाय काढला आणि आवाज वाढत गेला. इतका की पायाखालची पत्र्याची फरशी थरथरायला लागली. दुसऱ्या का तिसऱ्या वळणावर खाली खाडकन काहीतरी आदळलं. डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला. आणि आवाज थांबला.

पूर्ण थांबला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाडीत शांतता.

"बाई! गेला! आवाज गेला!" मी लहान पोरासारखा ओरडलो.

बाईंनी मान तिरकी केली. "आवाज गेला नाही, सर. काहीतरी गेलं."

दुसऱ्याची चूक म्हणून नव्हे, स्वतःचा म्हणून तो शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्याची मजा घ्यायला वेळ मिळाला नाही. पुढं वळण होतं, आणि वळणात ट्रक. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी हलकेच धरली गेली. पुन्हा दाबला, कमी धरली. तिसऱ्यांदा त्यांचा पाय पेडलवर नुसता टेकला, आणि पेडल दगडासारखं जागचं हलेना.

"ब्रेक लागंना," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर हळू, एकसारखा. त्यांनी गियर खाली ओढला. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, वेग थोडा मोडला. ट्रकचं मागचं फळकूट जवळ येत होतं. त्यावर लिंबू-मिरची लटकत होती, ती मला अजून दिसते.

"सर, हँडब्रेक वढा. एकदम नगं! हळू वढा. हळू म्हंते ना!"

तीस वर्षं शुद्ध मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या तोंडून खोडद बोलत होतं. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढत होतो. बाई दोन्ही पायांनी ब्रेकवर जवळजवळ उभ्या राहिल्या होत्या. डाव्या अंगाला डोंगर होता, हे आमचं नशीब. त्यांनी गाडीची डावी चाकं पाण्याच्या चरात घातली. गाडी तिरकी झाली, दगडांवर पोट घासत गेली, माझ्या बाजूचा आरसा कड्याला लागून फुटला, आणि आम्ही थांबलो. ट्रक आपल्या वाटेनं, काही कळलं नसल्यासारखा, वळणाआड गेला. मागून येणारी गाडी भोंगा वाजवत आम्हाला घासून गेली.

मागच्या सीटवरून काका म्हणाले, "आलं का खेड?"

मग माझा बांध फुटला. मी गाडीतून कसा उतरलो ते आठवत नाही. चरात उभा राहून मी ओरडत होतो, आणि माझ्याहून वयानं मोठ्या, माझ्याच शाळेतल्या बाईंना बोलत होतो. म्हणालो, त्या माणसाला खोलू दिलं असतं तर हे झालं असतं का? गावातले सगळे मेकॅनिक झाले, सगळा वर्ग झाला, रखवालदार झाला. "तुम्हाला नाव हवं होतं ना त्याचं? घ्या. ह्याला मरण म्हणतात! बसतोय का शब्द नेमका?"

बाईंनी दार उघडून पाय बाहेर काढले आणि बूट सोडायला लागल्या. नाडीची गाठ सुटेना. बोटं नुसती गाठीवरून फिरत होती. काका हळूहळू उतरून आले, डबा बॉनेटवर ठेवला, समोर उकिडवे बसले आणि त्यांनी एकेक करून दोन्ही गाठी सोडल्या. चपला पायाशी सरकवल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही दोघं पुढं जा. बैठक चुकवू नका. मी थांबतो गाडीपाशी."

"तुमचे डोळे?" बाईंनी विचारलं.

"आजवर दिसतंय की. उद्याही दिसंल."

आम्ही एस.टी.नं पुण्याला गेलो, दोघं दोन टोकांच्या सीटवर. वाटेत खेडच्या बूथवरून बाईंनी मुश्ताकभाईंना फोन लावला. बैठकीत मला वाटलं बाई गप्प बसतील. छे. एका प्रश्नात 'थोडक्यात' लिहिलं होतं. थोडक्यात म्हणजे किती ओळी, ह्यावर त्यांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना खिळवून ठेवलं. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. दोन-चार तासांपूर्वी ही बाई दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी होती, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

परतताना उन्हं कलली होती. एस.टी. घाटात आली तेव्हा बाई उतरल्या. मला सरळ घरी जाता आलं असतं. मी उतरलो ते काकांसाठी. तो माणूस दिवसभर तिथं बसला होता. गाडी चरातून वर काढलेली होती. मुश्ताकभाई आपली जीप आणि सामान घेऊन आले होते आणि काम उरकत आणलं होतं. काकांनी त्यांना आपल्या डब्यातलं जेवण आणि वर थर्मासमधला चहा दिला होता.

मुश्ताकभाईंनी एक लोखंडी चाक दाखवलं. इंजिनाच्या टोकाला ते बसवलेलं असतं, त्याच्यावरून पट्टा फिरतो. त्याचा बोल्ट सैल झाला होता, आणि ते चाक डुलत डुलत, ज्या खाचेत ते बसतं ती खाचच झिजवून बसलं होतं. इंजिन संथ असलं की प्रत्येक धक्क्याला ते मागं-पुढं हलायचं. रेस दिली की एका बाजूला दाबून राहायचं आणि गप्प व्हायचं. घाटात ते निसटलं, पट्टा तुटला. त्याच पट्ट्यावर ब्रेक हलका करणारा पंप चालतो. पंप बंद, ब्रेक दगड.

"म्हणजे इंजिनाच्या आत काहीच नव्हतं," बाई म्हणाल्या. सकाळच्या त्या प्रसंगानंतर गाडीबद्दलचं त्यांचं माझ्यासमोरचं हे पहिलं वाक्य.

"आत न्हवतं," मुश्ताकभाई म्हणाले. "पर बाई, तवा खोलू दिलं असतं, तर इंजिन खोलताना पयली हीच पुली निगाली असती. हातात आली असती."

मी विजयानं बाईंकडं पाहिलं.

"मग 'पुली काढून बघतो' असं का नाही म्हणालात?" बाई म्हणाल्या. "'इंजिन खोलतो' म्हणालात. पुली काढा म्हणून मी त्याच दिवशी सांगितलं असतं."

मुश्ताकभाईंनी पाना खाली ठेवला. मग काकांकडं वळून म्हणाले, "काका, च्या हाय का शिल्लक?"

बाईंच्या हट्टानं आम्ही मरता मरता राहिलो, की त्यांच्या पायांनी आणि डोक्यानं वाचलो, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच माणसाचं आहे. त्या संध्याकाळी मात्र मला ठरवायचंही नव्हतं. मी मुश्ताकभाईंच्या जीपमधून घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून एस.टी.नं जायला लागलो.

एस.टी.त उभं राहून जाणं मी विसरलो होतो. कुणाच्या कोंबड्या, कुणाची कोथिंबीर, कुणाचा कोपर. तरी मी समाधानानं उभा राहत असे. रोज सकाळी ती पांढरी गाडी स्टँडसमोरून जाई. स्टँडपाशी तिचा वेग कमी होई, मग पुन्हा वाढे. हॉर्न नाही, हाक नाही. शाळेत टेबलं शेजारीच असल्यामुळं न बोलणं हे मोठ्या कष्टाचं काम झालं होतं. डस्टर हवं असलं तरी मी उठून पलीकडच्या टेबलावरचं आणत होतो. बायको म्हणाली, "अहो, किती दिवस?" मी म्हणालो, "त्या बोलल्या तर बोलेन. त्यांना शब्दांची कमी आहे का?"

एक दिवस गाडीचा वेग कमी झाला आणि गाडी वळून थेट स्टँडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. एस.टी. नुकतीच भरली होती, मी पायरीवर एक पाय ठेवला होता. बाईंनी काच खाली केली.

"सर, मी दिलगीर आहे असं म्हणणार होते. बरेच दिवस म्हणणार होते. पण ते पत्रात लिहायचं असतं, त्याला काही अर्थ नाही. मग म्हटलं माझं चुकलं म्हणावं. पण ते निम्मंच खरं आहे, तुम्हालाही माहीत आहे."

मागं एस.टी.च्या ड्रायव्हरनं भोंगा दिला. बाईंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मग तुम्हाला म्हणायचंय काय, बाई?" मी म्हणालो. पाय पायरीवरच होता.

"मी भ्याले होते. हे मागं झोपलेले, तुम्ही शेजारी बसलेले, घरी तुमची दोन लेकरं. इतकी मी कधी भ्याले नव्हते. आणि तेव्हापासून रोज सकाळी ह्या गाडीत बसताना भिते. शेजारची जागा रिकामी असली की जास्त."

पुन्हा भोंगा. आता एस.टी.तली माणसं खिडकीतून डोकी काढून बघायला लागली होती. कंडक्टर खाली उतरला. "ओ गुर्जी, काय ते ठरवा ना! बसा न्हाईतर बाईंना गाडी काढाया सांगा. वाट आडलीया!"

"ऐकताय ना?" मी बाईंना म्हणालो. "गाडी काढा आधी."

"तुम्ही उत्तर द्या आधी."

त्या हलणार नव्हत्या. संध्याकाळपर्यंत हलल्या नसत्या. मागून दुसरी एस.टी. येऊन थांबली होती, तिचाही भोंगा सुरू झाला. कुणीतरी ओरडलं, "बसा की राव, मास्तर! लेकरास्नी कालिजात जायचंय!" मागच्या सीटवरून काकांनी हात लांब करून माझ्या बाजूचं दार आतून उघडलं.

मी पायरीवरचा पाय काढला, कंडक्टरकडं न बघता गाडीपाशी गेलो आणि बसलो.

"मीही भ्यालो होतो," मी म्हणालो. "आता काढा."

बाईंनी गियर टाकला. त्या निवृत्त होईपर्यंत मी त्याच जागेवर बसून शाळेत गेलो, रोज, आणि बहुतेक रोज वैतागून.